अकरावं चाक

फलकावर कोरायचा मजकूर चारच वाक्यांचा होता. शांग बाओलिननं तो सकाळपासून कितीदा वाचला कोण जाणे. दर वेळी तिसऱ्या वाक्याशी आला की तो चष्मा काढून पुसत बसायचा, जणू दोष काचेचाच होता.

'शांग घराण्याच्या दोन पिढ्यांनी या यार्डात चाकांची तब्येत कानानं तपासली. थोरले शांग हातोडीच्या एका ठोक्यात चाकाची भेग ओळखत. त्यांच्या दोन मुलांपैकी हा कान एकट्या बाओलिनकडे आला. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खराब चाक सुटलं नाही.'

मालगाड्यांच्या जुन्या यार्डाची आता बाग झाली होती. रूळ तसेच ठेवून मधे गवत लावलं होतं, दोन-चार गंजके डबे रंगवून उभे केले होते, आणि जागोजागी फलक लागणार होते. वॉर्ड ऑफिसातली फू नावाची मुलगी त्यासाठी जुन्या रेल्वेवाल्यांच्या दारोदार हिंडत होती. बाओलिनकडे ती दोन तास बसली, सूर्यफुलाच्या बिया सोलत सगळं टिपून घेतलं आणि जाताना म्हणाली, "काका, काही चुकलं असेल तर सोमवारच्या आत सांगा हं. एकदा पोलादावर गेलं की खोडरबर चालत नाही."

फूनं काहीच चुकवलं नव्हतं. तिसरं वाक्य तिला बाओलिननंच दिलं होतं. लग्नकार्यात, निवृत्तीच्या जेवणात, नातवंडांपुढे, इतक्यांदा इतक्यांना दिलं होतं की पायरीचा दगड झिजून गुळगुळीत व्हावा तसं ते वाक्य झालं होतं. त्यावर पाय ठेवताना आताशा काही टोचत नसे. कागदावर, परक्या पोरीच्या नीटस अक्षरात मात्र ते पुन्हा टोकदार झालं.

झेंगझोऊचा हा भागच रेल्वेच्या पोटचा. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे रूळ आणि पूर्वेकडून पश्चिमेला जाणारे रूळ इथे एकमेकांना छेदून गेले. त्या फुलीभोवती आधी कोळशाचे ढीग आले, मग झोपड्या, मग चाळी, मग हे सगळं शहर. भागाचं नावही एका तारखेचं, सात फेब्रुवारीचं, ज्या दिवशी या मार्गावरच्या संपकऱ्यांचं रक्त सांडलं. त्यांची आठवण म्हणून बांधलेल्या जुळ्या मनोऱ्यांचं घड्याळ आजही चौकात टोले देतं. या भागात माणसं शेजाऱ्याशी खोटं बोलतात, दुकानदाराशी बोलतात, लग्न जमवताना तर बोलतातच. रेल्वेच्या कामात खोटं बोललेला माणूस मात्र इथे कुणी जेवायला बोलवत नाही.

बाओलिनला सगळे बोलवत. 'सोनेरी कानाचे' म्हणून वरच्या खुर्चीत बसवत.

*

कान खरा होता तो च्याओयुनचा, त्याच्या बहिणीचा.

ती सहा वर्षांनी थोरली. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन यार्डात जायची आणि तिथेच रेंगाळायची. वडील एकेका चाकाला ठोका देत पुढे जात आणि ही परकरी पोर मागून गुणगुणत यायची. गाणं तिचं तिनंच जुळवलेलं:

*चाका रे चाका, बोल खरं खरं,*
*दुखतं का पोटात, सांग बरं बरं.*
*दुखलं तर सांग, नेऊ वैद्यापाशी,*
*नाही दुखलं तर जा मावशीच्या देशी.*

चांगलं चाक मंदिरातल्या घंटेसारखं घुमतं, आणि भेग गेलेलं बद्द बोलतं, मातीच्या फुटक्या घागरीसारखं. मधे हजार तऱ्हा. आठ वर्षांची असताना तिनं वडिलांच्या आधी एक खराब चाक ओळखलं. त्या संध्याकाळी वडिलांनी दारू पिता पिता शेजाऱ्यांना ते सात वेळा सांगितलं.

बाओलिनला सगळी चाकं सारखीच वाजत.

पुढे च्याओयुनला इतर पोरांबरोबर खेड्यात शेती करायला धाडलं. सहा वर्षांनी ती परत आली ती भेगाळलेले हात घेऊन, आणि शहरात काम नाही. त्या काळी रिवाज असा की बाप वेळेआधी निवृत्त झाला तर त्याच्या जागी एक मूल लागायचं. एकच. एकोणऐंशी सालच्या वसंतात वडिलांनी जेवताना वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "जागा एक आहे नि तुम्ही दोघं. मी काही पोरगा-पोरगी बघणार नाही. चाकाला जो ओळखेल त्याला हातोडी. दोघांनी ओळखलं तर थोरलीला, तिचं वय चाललंय."

आई म्हणाली, "पोटच्या पोरांची परीक्षा कसली घेता?"

"गाडीत बसणारीही कुणाच्या तरी पोटचीच असतात," वडील म्हणाले.

पाच डबे दुरुस्तीसाठी बाजूच्या रुळावर उभे होते. एका बाजूला वीस चाकं. त्यांतलं एक खराब. ते कोणतं, हे वडिलांनी आदल्या दिवशी खडूनं लिहून ठेवलं होतं आणि सकाळी बाहीनं पुसून टाकलं होतं. सातव्या चाकावरचा तो पुसट पांढरा डाग बाओलिननं बघितला. म्हणजे उत्तर त्याच्याकडे होतं. पण उत्तर ताईकडेही असणारच होतं, आणि दोघांनी ओळखलं तर हातोडी तिची.

त्याला ती हवी होती. निळा गणवेश, पितळी बटणं, खांद्यावरून लोंबणारी चामडी पिशवी. अठरा वर्षांच्या पोराला एखादी गोष्ट हवी होते तेव्हा त्यामागे विचार नसतो, नुसती आग असते. पुढे त्यानं स्वतःला अनेक कारणं सांगून पाहिली. आई आजारी होती, ताईचं लग्न होऊन ती परक्या घरी जाणारच होती. पण ती कारणं सगळी नंतरची. त्या दिवशी त्याला फक्त हवी होती.

पहिला नंबर त्याचा लागला. सावकाश, डोळे मिटून, नाटक केल्यासारखे ठोके देत तो विसाव्या चाकापर्यंत गेला आणि म्हणाला, "सातवं."

वडिलांच्या भुवया वर गेल्या. चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा बाओलिनला अजून दिसतो, आणि दिसला की मान खाली जाते.

मग लघवीला जातो म्हणून तो डब्यांच्या पलीकडे गेला. खिशात लाकडाची पाचर होती, तिला तारेचा लांब तुकडा बांधलेला. डब्याखाली सरपटत जाऊन अकराव्या चाकाच्या ब्रेकच्या ठोकळ्यामागे त्यानं ती टाचेनं आत सारली आणि तार पलीकडे ओढून ठेवली. ठोकळा चाकाला घट्ट बिलगला.

च्याओयुन इकडून ठोके देत आली. सातव्यापाशी थांबली, पुढे गेली. अकराव्यापाशी पुन्हा थांबली. पुन्हा ठोका. पुन्हा. विसावं झाल्यावर म्हणाली, "सात आणि अकरा."

"एकच आहे," वडील म्हणाले.

"नाही बाबा, दोन आहेत. अकराही बद्द बोलतंय."

वडील हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं निघाले. त्यांची पावलं खडीवर वाजत होती आणि पलीकडच्या बाजूला बाओलिननं तार ओढली. पाचर हातात आली.

वडिलांनी ठोका दिला. अकरावं चाक खणखणीत घुमलं. च्याओयुननं हातोडी मागून घेतली, स्वतः ठोका दिला. घुमलं. पुन्हा दिला. डब्याच्या खालून बाओलिनला तिचे पाय तेवढे दिसत होते, खेड्यातून आणलेले कापडी जोडे. त्या जोड्यांची एक टाच हळूच मागे सरली.

"पण मला ऐकू आलं," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

वडिलांनी तिच्या हातातून हातोडी घेतली. मग म्हणाले, "पोरी, न ऐकणाऱ्याला शिकवता येतं. पण नसलेलं ऐकू येणाऱ्याला या कामावर घेता येत नाही. तो चांगल्या गाड्या अडवतो, आणि एक दिवस त्याचं खरंही कुणी मानत नाही."

हातोडी बाओलिनला मिळाली. च्याओयुन गल्लीतल्या काड्यापेट्या चिकटवण्याच्या कारखान्यात लागली. तो बंद पडल्यावर बाजारात भाजी विकायला बसली. तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

छत्तीस वर्षं त्यानं चाकं तपासली आणि एकदाही ऐकली नाहीत. ठोका द्यायचा आणि लगेच तळवा चाकाला लावायचा. थरथर किती वेळ टिकते ते मोजायचं. भेगेच्या काठानं गंजाची बारीक तांबडी रेघ फुटते, तिथं धूळ वेगळी बसते, ती शोधायची. एका चाकाला इतर जण तीन सेकंद देत, हा दहा. थंडीत चामडी लोखंडाला चिकटून सोलून निघे. लोक म्हणत, बघा, कसा चाकाला कुरवाळतो, बापाचा पोरगा. खराब चाक त्याच्या हातून सुटलं नाही हे खरं होतं. भित्रा माणूस फार काळजीनं काम करतो, एवढाच त्याचा अर्थ होता. गाडी सुटून नजरेआड झाली की तो दर वेळी भिंतीला टेकून उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, ताईनं हे उभ्या-उभ्या केलं असतं.

वडील गेले तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता मेलेल्या माणसाला कशाला मधे आणायचं. निवृत्त झाल्यावर सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता काय उपयोग. असं करत चव्वेचाळीस वर्षं गेली, आणि आता सोमवारी ते वाक्य पोलादावर चढणार होतं. ताई बागेत फिरायला येणार, फलकापुढे थांबणार, वाचणार. आणि मान डोलावणार. तिला ते खरंच वाटत होतं. सगळ्यांत लाजेची गोष्ट हीच होती.

रविवारी सकाळी त्यानं तिला शा वहिनींच्या दुकानात न्याहारीला बोलावलं.

शा वहिनींचं दुकान म्हणजे पाच टेबलं आणि एक मोठं पातेलं. मिरीचं दाटसर झणझणीत सूप, सोबत तळलेली पोळी. सकाळी सातला तिथं अर्ध्याहून जास्त जुने रेल्वेवाले असतात. शेजारच्या टेबलावर म्हातारा लुआन बसला होता, बाओलिनबरोबर वीस वर्षं चाकं ठोकलेला. त्याला बघून बाओलिन दारातच थबकला. पण ताई तोवर आत शिरून बसलीही होती.

"काय रे, आज सूर्य कुठून उगवला? न्याहारी देतोस?"

"ताई, मशीन कुठंय?"

"आं?"

"कानातलं मशीन," त्यानं कानाकडे बोट केलं.

"घरी. शिट्ट्या मारतं मेलं. या वयात कुणी मला शिट्ट्या मारायच्या म्हणजे... लोक काय म्हणतील?"

शा वहिनी हसल्या. वाट्या ठेवत म्हणाल्या, "च्याओयुनताई, शिट्ट्या मारतंय तोवर लावून घ्या. आमच्याकडे तर तेही कुणी मारत नाही."

दोघी हसल्या. बाओलिनला हसू आलं नाही. दहा वर्षांपासून ताईला कमी ऐकू येत होतं. हे सगळं हळू आवाजात, कोपऱ्यात, मान खाली घालून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. आता ते जमणार नव्हतं.

"ताई, मला एक बोलायचंय."

"मग बोल की. पोटातल्या पोटात काय पुटपुटतोस?"

"बाहेर जाऊ. बागेत बसू."

"सूप गार होईल. मोठ्यानं बोल, इथं कोण परकं आहे?"

परकं कुणीच नव्हतं. तेच तर होतं.

त्यानं वाटी बाजूला सारली. "ते अकरावं चाक," तो मोठ्यानं म्हणाला.

च्याओयुनचा चमचा थांबला. कुठलं, असं तिनं विचारलं नाही. त्यावरूनच त्याला कळलं की ती गेल्या चव्वेचाळीस वर्षांत तिथून हललेलीच नव्हती.

"ते चांगलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी वाजवून दाखवलं की. माझ्याच कानाला भास झाला. आता ते कशाला?"

"भास नव्हता."

"आं?"

"भास नव्हता!" आता तो ओरडत होता. "तू ठोकलंस तेव्हा ते बद्दच वाजलं! मी पाचर मारली होती! पलीकडून! बाबा आले तेव्हा काढून घेतली! तुझा कान बरोबर होता, ताई!"

शा वहिनींचा डाव पातेल्यावर तसाच राहिला. म्हाताऱ्या लुआननं मान वळवली आणि चाकाच्या बाबतीत विचारावं तसंच शांतपणे विचारलं, "कुठं मारली? ठोकळ्यामागं?"

"हो," बाओलिन म्हणाला.

"मग बद्दच वाजणार," लुआन म्हणाला, आणि आपली वाटी उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. वीस वर्षांत तो कधी बाओलिनच्या शेजारून उठून गेला नव्हता.

च्याओयुन भावाकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. एखाद्या चाकापुढे थांबावी तशी ती थांबली होती.

"परत सांग," ती म्हणाली.

"ताई, तू ऐकलंस."

"माझ्या कानावर मला भरवसा नाही. खरं काय ते तुलाच माहीत. परत सांग."

त्यानं परत सांगितलं. पाचर, तार, तिचे कापडी जोडे. दुसऱ्या वेळी आवाज फुटला, तरी तसाच ओढत नेला. कान, मान, सगळं तापून लाल झालं होतं. कोपऱ्यातलं एक तरुण जोडपं उठून पैसे ठेवून निघून गेलं.

"बागेतल्या फलकावर हा कान एकट्या माझ्याकडे आला असं पोलादात कोरणार आहेत, ते वाक्य मी काढायला लावतो," तो म्हणाला. "आजच गाठतो फूला. खरं काय ते लिहायला सांगतो."

"फलक परके लोक वाचतात. त्यांना कुणाचा कान कसा, त्याचं काय?" तिनं पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "नोकरीचं म्हणशील तर... तू तेव्हा मागितली असतीस तर दिली असती मी कदाचित. नसतीही दिली. आता कुणाला ठाऊक. पण बाओलिन, दारावर कडी वाजली ना, तर मी आधी दुसऱ्या माणसाकडे बघायची. त्यानं मान वर केली तरच उठायची. यीनान तान्ही होती तेव्हा शेजारणीला विचारायची, रडतेय ना हो माझी पोर? ती म्हणायची, वेडी का काय, बेंबीच्या देठापासून रडतेय. तेव्हा कुठं मी तिला पाजायला घ्यायची."

बाओलिनला हे माहीत नव्हतं. त्यानं फक्त नोकरी चोरली असा त्याचा समज होता. इतकी वर्षं त्याची लाजसुद्धा चुकीच्या चाकाला बांधलेली होती.

"ताई, मला माफ—"

"थांब. अजून झालं नाही." तिनं हात वर केला. "यीनान नऊ वर्षांची होती. रेल्वेच्या शाळेतले संगीताचे मास्तर घरी आले होते. म्हणाले, हिचा कान लाखात एक आहे, हिला एर्हू शिकवतो, फुकट शिकवतो. एर्हूला तर दोनच तारा, सुरांचे पडदेही नसतात, सगळं कानावरच. पोरगी दारामागं उभी राहून ऐकत होती, मुठी आवळून. आणि मी म्हणाले, मास्तर, आमच्या घरातल्या बायकांच्या कानावर जाऊ नका. तो फसवतो. नसलेलं ऐकू येतं आम्हाला." तिनं मोडलेला तुकडा वाटीत टाकला. "बाबांचं वाक्य. माझ्या तोंडून. मास्तर पुन्हा दोनदा आले. मी दार उघडलं नाही."

शा वहिनींनी पातेल्याखालची ज्योत बारीक केली.

"पोरगी हॉटेलात हिशेबनीस झाली. अजून माझ्याकडे आली नि कुठं वाद्य वाजत असलं, तर उठून खिडकी लावते. मला वाटायचं, मी तिला एका फजितीतून वाचवलं."

च्याओयुननं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

"तिला सांग."

"आज? इथं?"

"मग कुठं? पोलादावर?"

"ताई, तूच सांग ना. मी संध्याकाळी तिच्या घरी जाऊन—"

"मी सांगितलं तर ती म्हणेल, आईला पुन्हा भास झाला. तुझ्या तोंडून जायला हवं." मग जरा खालच्या आवाजात, "मला माफीचं विचारू नकोस आत्ता. मला अजून कळलेलं नाही मला काय वाटतंय. आधी तिचा कान तिला परत दे."

फोन उचलला गेला. पलीकडे भांड्यांचा आवाज, मग यीनानचा. "आई? एवढ्या सकाळी?"

"मी मामा बोलतोय!"

"मामा? आईला काही झालं का?"

"नाही! बरी आहे! समोरच बसलीय!"

"मग तुम्ही ओरडताय कशाला?"

खरंच, इथं ओरडायची गरज नव्हती. या कानाला कुजबुजलेलंही पोचत होतं. आणि तेच कठीण होतं. ओरडण्यात निदान एक आडोसा होता. हळू आवाजात प्रत्येक शब्द उघडा पडणार होता. समोर च्याओयुन पुढे झुकून त्याच्या ओठांकडे बघत होती, एकही शब्द निसटू नये म्हणून.

"मामा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला. "यीनान, बस जरा कुठंतरी. तुझी आई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तुझ्या आजोबांनी यार्डात पाच डबे उभे केले होते. आई या बाजूला होती, हातोडी घेऊन. आणि मी पलीकडच्या बाजूला होतो."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"माझ्या हातात पाचर होती," तो म्हणाला.